बिराजदार सरांची साधी बॅच

बिराजदार सर वही मागून उघडतात. वही कुणाचीही असो, हातात आली की उलटी करायची, मागचा पुठ्ठा वर घ्यायचा आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायचं. पुढच्या बाजूला पोराने समास आखलेला असतो, तारीख घातलेली असते, बाईंनी लाल शाईत 'छान' लिहून चांदणी काढलेली असते. तिकडे ते ढुंकूनसुद्धा बघत नाहीत. म्हणतात, "पुढचं सगळं लोकांना दाखवायला असतंय हो. पोरगं मागच्या पानावर असतंय."

मागच्या पानांवर असतं काय, तर कच्चं काम. तिरपे गुणाकार, खाडाखोड, फुली-गोळ्याचे डाव, शेजारणीला लिहिलेले निरोप. एकदा एका वहीत सरांना स्वतःचंच चित्र सापडलं. नाक फार लांब काढलं होतं. सरांनी पट्टीने नाक मोजलं, चेहरा मोजला आणि खाली लिहिलं, 'प्रमाण चुकले. पुन्हा काढ.' पोराने खरंच पुन्हा काढून आणलं. ते चित्र आता त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं आहे.

या माणसाबद्दल मी फार चांगलं लिहीन अशी कुणी अपेक्षा ठेवू नये. माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी मंद्रूपचा. नववीत गणितात दोनदा आपटलो, तेव्हा वडील म्हणाले, "बास झालं." सोलापुरात आलो, सायकलच्या कॅरिअरला टॉवेलचा गठ्ठा बांधून दारोदार हिंडलो. आज सात रस्त्याजवळ माझं होलसेलचं दुकान आहे. हे सगळं मी भाव करण्यावर उभं केलंय. घेताना करतो, देताना करतो. 'एकच भाव' अशी पाटी दिसली की मी मुद्दाम त्या दुकानात शिरतो. दवाखान्यातसुद्धा मी डॉक्टरांशी गोळ्यांच्या संख्येवर घासाघीस केलेली आहे आणि दहाच्या सात करून आणल्यात.

आणि एके दिवशी हा माणूस माझ्या दुकानात आला. उंच, वाकलेला, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी कड. सहा टॉवेल पाहिजे म्हणाला. मी सवयीने भाव चढवून सांगितला. समोरचा निम्म्यावर येणार, मी कपाळाला हात लावणार, मग आम्ही मध्ये कुठंतरी भेटणार, अशी रीत असते. सरांनी मान हलवली आणि पाकीट काढलं.

मला घामच फुटला. म्हणालो, "सर, भाव करायचा असतो."

"का?"

"मी जास्त सांगितलाय."

"मग बरोबर सांगा की."

मी बरोबर सांगितला. गिऱ्हाइकाने तोंड उघडलेलं नसताना स्वतःहून भाव उतरवायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. जाताना ते म्हणाले, "चूक तुमची तुम्हीच धरली, हे बेस केलं मालक." जणू मी परीक्षेत पास झालो होतो. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

सर शाळेतून निवृत्त झालेत, पण घराच्या पुढच्या खोलीत नववीच्या पोरांना गणित शिकवतात ते शाळेत होते तेव्हापासून. खोलीत आठ बाक, एक फळा आणि दाराशी बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. चपला बाहेर काढायच्या आणि खोडरबर डब्यात टाकायचं, मगच आत. खोडलेली चूक सरांना चालत नाही. ती दिसली पाहिजे. त्यांच्याकडे दोन बॅचेस आहेत. साध्या बॅचमध्ये शाळेचं पुस्तक. पुढच्या बॅचमध्ये शाळेच्या पलीकडचं, म्हणजे अकरावी-बारावीनंतरच्या मोठ्या प्रवेशपरीक्षांचा पाया. पूर्वी नववीतल्या पोराच्या बापाला एवढंच कळायचं होतं, की पोरगं पास होतंय की न्हाय. आता आठवीचा निकाल लागायच्या आधीपासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लढाई सुरू होते. कुठला क्लास, कुठली बॅच, आत्ता गाडी चुकली तर पुढं सगळंच चुकलं. मी ग्रुपवर काही लिहीत नाही, पण वाचतो सगळं, आणि वाचून माझं डोकं फिरतं.

माझी मुलगी सानिका. एकुलती एक. आठवीत गणितात शंभरपैकी चौऱ्याण्णव. बापाने दोनदा नापास होऊन जे घालवलं ते पोरीने व्याजासकट वसूल केलं, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो. तिला पुढच्याच बॅचमध्ये घालायचं हे माझं ठरलेलं होतं. सानिकाला मी विचारलं नव्हतं. चौऱ्याण्णव मार्क पडलेल्याला काय विचारायचं?

आमच्या गल्लीतल्या एका पालकाने मला आधीच सावध केलं, "मार्कलिस्ट नेऊ नका. सर वही मागतात, आणि मागनं उघडतात."

हे कळल्यावर मी जे केलं ते माझ्या धंद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. गिऱ्हाईक मालाची जी बाजू बघतंय ती बाजू चांगली करायची. नवी कोरी वही आणली. सानिकाला बसवलं आणि मागच्या दहा पानांवर कच्चं काम लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात. सरांना चुका बघायला आवडतात असंही कळलं होतं, म्हणून मध्ये मध्ये चुका घालायला सांगितल्या. तिला मुद्दाम चुकता येईना, तेव्हा चुकीची उत्तरं मीच सांगितली. त्यातली दोन बरोबर निघाली. बायको, सुरेखा, भाकरी थापता थापता हे सगळं बघत होती. म्हणाली, "अहो, कच्चं काम पक्कं करून घेनारा बाप म्या पयल्यांदाच बगतेय." मी तिला गप बसायला सांगितलं.

सरांनी वही घेतली, उलटी केली. एक पान बघितलं, दुसरं बघितलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"सानिका, ह्या चुका पट्टी लावून खोडल्यास?"

"हो सर."

"चाळीस वर्षं शिकवतोय. पट्टी लावून खोडलेली चूक आज बघतोय. नोडरी." नोडरी म्हणजे कानडीत 'बघा हो'. ते मला उद्देशून होतं. सर अक्कलकोटकडचे, मराठी बोलता बोलता त्यांची कानडी अधूनमधून डोकं वर काढते. "ही इथं कशी चुकलीस गं?"

सानिकाने माझ्याकडे बघितलं. पोरगी खोटं बोलत नाही, ही माझीच शिकवण. नडते कधी कधी.

"ती पप्पांनी सांगितली."

"आणि ही?"

"ती पण पप्पांनीच. पण ती बरोबर आली."

सर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. "मालक, तुम्हाला मी घेतो. साध्या बॅचमध्ये. सोमवारपासून या."

मी स्कूटर काढली, घरी गेलो आणि खरी वही घेऊन आलो. सरांनी ती उलटी केली आणि थांबले. मागे एकही कच्चं पान नव्हतं. शिवणीपाशी फाडलेल्या पानांच्या बारीक पट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या. सरांनी त्यांवरून बोट फिरवलं.

"कच्चं काम कुठं करतीस?"

"दुकानातल्या पॅकिंगच्या कागदावर."

"आणि मग तो कागद?"

"टाकून देते."

"वहीत का नाही?"

उत्तर मीच दिलं. अभिमानाने दिलं. "मी सांगितलंय तिला. वही कशी स्वच्छ पाहिजे. गिचमिड दिसली की मी पान फाडायला लावतो."

"साधी बॅच," सर म्हणाले आणि वही तिच्या हातात दिली.

इथून माझं भांडण सुरू होतं.

मी सगळे डाव टाकले. पहिल्या दिवशी म्हणालो, "सर, तीन महिने पुढच्या बॅचमध्ये बसवा. न्हाय जमलं तर साध्यात टाका. माल परत घ्यायच्या बोलीवर."

"परत आलेला माल आतनं उसवलेला असतोय मालक. तुम्हाला मी सांगायला पाहिजे होय?"

दुसऱ्या दिवशी आठवड्यातले तीन दिवस इकडं, तीन दिवस तिकडं, असा तोडगा काढला. सर म्हणाले, "बेडा." म्हणजे नको. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सकाळी तळ्याकाठी फिरताना गाठलं आणि सरळच विचारलं, "माझ्या पोरीत काय कमी हाय ते तरी सांगा."

"काही कमी नाही. चुका कमी आहेत. वर्षभर माझ्यासमोर निवांत चुकू दे तिला. मग ती जिथं म्हणेल तिथं जाईल."

"वर्षभर? सर, तोवर बाकीची पोरं कुठल्या कुठं जातील."

"जाऊ देत की. रस्ता काय संपतोय?"

या माणसाशी भाव करता येत नाही, कारण हा काही मागतच नाही. दुप्पट फी देतो म्हणालो तर म्हणाला, "मग निम्म्या पोरांना सुट्टी द्यावी लागेल, हिशेब जुळायला." खोलीत पंखा बसवून देतो म्हणालो तर म्हणाला, "आहे की." छताला खरंच एक पंखा होता, बापडा कण्हत कण्हत फिरत होता. त्यात अजून एक गोष्ट कळली आणि मी वेडाच व्हायचा राहिलो. ज्या पुढच्या बॅचसाठी मी चप्पल झिजवत होतो ती सर शिकवतच नाहीत. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी काझी मॅडम शिकवते. सर फक्त साधी बॅच शिकवतात. पूर्वी पुढची तेच घ्यायचे म्हणे, आणि त्यांचा दरारा असा होता की पोरं दाराशी पाण्याची बाटली संपवून आत यायची. मग मध्येच त्यांनी ती सोडली. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात साधी बॅच सुरू झाली. मी तोंड वाकडं करून सानिकाला पाठवलं. आठव्या दिवशी ती घरी आली ती नाचतच. हातात शेंगदाण्याची चिक्की.

"पप्पा, आज मला मिळाली."

"काय, पहिला नंबर?"

"नाही. पहिली चूक. दिवसातली पहिली चूक जो करेल त्याला सर चिक्की देतात. आठ दिवस मी वाट बघत होते. आज फळ्यावर जाऊन सगळ्यांच्या आधी चुकले."

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चौऱ्याण्णव मार्कांची पोर माझी, चुकीची चिक्की खात घरी आली. मी एवढा आवाज चढवला की खालचा भाडेकरू वर बघायला आला.  सानिकाने उरलेली चिक्की कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली. सुरेखा म्हणाली, "लई दिसांनी पोरगी गणिताचं नाव काढून हसली हुती. तेबी तुमास्नी बघवंना व्हय?"

मी कुणाचं ऐकणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी सात रस्त्याच्या पुढे जो काचेचा मोठा क्लास झालाय तिथं गेलो. एसी, लिफ्ट, दारात टाय घातलेला माणूस. त्यांनी मार्क बघितले आणि लगेच पुढची बॅच दिली. वही मागितली नाही. शनिवारी दुपारी चारपर्यंत फॉर्म आणि फोटो आणून द्या, म्हणाले, नाहीतर जागा जाईल. घरी सांगितलं तेव्हा सानिका एवढंच म्हणाली, "मला सरांकडंच राहायचंय पप्पा." मी म्हणालो, तुला कळत नाही.

शनिवारी दोन वाजता भरलेला फॉर्म खिशात घालून मी निघालो. आधी काचेच्या क्लासला जायला हवं होतं. पण न सांगता निघून जाणं हे माझ्या स्वभावात नाही. आधी सरांच्या घरी जाऊन चार शब्द सुनवायचे, मग अ‍ॅडमिशन घ्यायची, असं ठरवून स्कूटर त्यांच्या गल्लीत घातली. सोलापूरचं मे महिन्यातलं दोन वाजताचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि सर बाहेर पायरीवर बसले होते. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात वर्तमानपत्राची घडी, तिनं वारा घेत होते. भिंतीला चिकटून एक वीतभर सावली होती, तिच्यात कसेबसे मावले होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

जमवून आणलेले चार शब्द मी विसरलो. "सर, हितं का बसलाय? आत लाईट न्हाय का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. लाईट आहे. आत गिरिजा आहे."

गिरिजा म्हणजे त्यांची मुलगी. पुण्यात असते, बँकेत आहे, मे महिन्यात पोरीला घेऊन चार दिवस येते, एवढं मला ठाऊक होतं. "मग? भांडलात काय?"

"छे हो. नातीला पाढे शिकवतेय. मी आत असलो की तिला येत नाही."

मला कळेना. "बँकेत हाय न्हवं?"

"आहे की. दिवसभर लोकांचे आकडे बघते. एक चूक नाही तिच्या नावावर." सरांनी वर्तमानपत्राची घडी गुडघ्यावर ठेवली. "नववीला पुढच्या बॅचमध्ये मी तिला पहिल्या बाकावर बसवली. सरांची पोरगी, तिचं चुकून कसं चालेल? चुकली की फळ्यावर बोलवायचो, सगळ्यांसमोर. दोन वर्षं. मार्क चांगले पडले बरं का. मी पेढे वाटले. आता चाळिशीला आली. भाजीवाल्याकडनं मोड घेतली तर मी शेजारी असताना मोजत नाही. नवऱ्याच्या हातात देते. मी बघतोय हे तिला कळलेलं नाही अजून."

मी खाली बसलो. फॉर्म खिशात टोचत होता.

"कधीपासनं बसलाय?"

"जेवण झाल्यापासनं. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो. तिला वाटतंय मी चौकात गेलोय."

आतून पंख्याचा आवाज येत होता, आणि गिरिजाताईंचा. एक एक आकडा सावकाश, पोरीच्या मागे मागे. "सतरा साते एकशे एकोणीस. हं, आता सतरा आठे?" थोडा वेळ गेला. "एकशे सव्वीस. म्हण."

सरांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. बोटं खडू धरल्यासारखी जुळली. तो हात तसाच हवेत थांबला आणि मग हळूच खाली आला. दाराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. घाम कानामागून मानेवर उतरत होता, तो पुसायचंही भान नव्हतं.

मग गिरिजाताई म्हणाल्या, "अगं थांब, चुकलंच की माझं. एकशे छत्तीस." आणि त्या हसल्या. आई हसली म्हणून नातही हसायला लागली, आणि बराच वेळ दोघी हसत राहिल्या.

"हसली," सर म्हणाले. मला की स्वतःला, कुणास ठाऊक.

मी घड्याळ बघितलं. चारला बराच वेळ होता. स्कूटरवरून दहा मिनिटांचं अंतर. सरांनी माझ्या घड्याळाकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कुठं जायचंय का मालक? चालू करू नका एवढ्यात. गाडीचा आवाज झाला की ती बाहेर येईल बघायला. तिसापर्यंत पाढे आहेत."

तिसापर्यंत म्हणजे चार वाजून जाणार होते, हे मला गणित न येताही कळत होतं. मी म्हणालो, "न्हाय, कुटं न्हाय."

भिंतीची सावली दोघांना पुरत नव्हती. मी उन्हाच्या बाजूला सरकून बसलो. आत अठराचा सुरू झाला.